दीड उजनी धरण आणि वीस पैशांचा निरोप

गर्दीच्या वेळची बारा डब्यांची लोकल डोळ्यांसमोर आणा. बसलेले, दोन बाकांच्या मध्ये उभे राहिलेले, दारात लटकलेले असे सगळे मिळून सुमारे ५,००० प्रवासी. आता आपल्या देशातल्या तुरुंगांत खटल्याचा निकाल लागायची वाट पाहत बसलेल्या कच्च्या कैद्यांना या लोकलमध्ये चढवू या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी त्यांची संख्या होती ४,३४,३०२. किती लोकल लागतील? ८७! एक लोकल सुमारे २६० मीटर लांब. एकीच्या मागे एक चिकटवून उभ्या केल्या, तर पहिलीचं तोंड चर्चगेटला आणि शेवटचीचा शेवटचा डबा थेट अंधेरीला. मरीन लाइन्स, ग्रँट रोड, दादर, वांद्रे, सांताक्रूझ, सगळा रूळ डब्यांनी भरलेला! आणि ज्या खटल्यासाठी ही माणसं आत आहेत, त्यात यांतल्या एकावरही अजून गुन्हा शाबित झालेला नाही.

दमलात? थांबू नका. अमेरिकेकडे बघा. तिथे तुरुंगाबाहेर राहून घातलेल्या अटी पाळणारे, म्हणजे प्रोबेशनवर आणि पॅरोलवर असलेले लोक २०२२च्या अखेरीला सुमारे ३६ लाख ७० हजार होते. २०११च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या ३१ लाखांच्या घरात होती. अख्खं पुणे शहर, वर आणखी पाच लाखांहून जास्त माणसं! त्यांना लोकलमध्ये बसवलं तर ७३४ गाड्या. चिकटवून उभ्या करा. सीएसएमटीहून निघालेली रांग ठाणे, कल्याण, कर्जत मागे टाकते, बोरघाट चढते, लोणावळा, तळेगाव, शिवाजीनगर ओलांडते आणि पुणे स्टेशनच्या तोंडाशी येऊन थांबते. मुंबई ते पुणे हा १९२ किलोमीटरचा लोहमार्ग, एकावर एक अटी घातलेल्या माणसांनी भरलेला.

या अटी म्हणजे काय? आपल्याकडच्या जामिनाच्याच घ्या. तारखेला हजर राहा. जिल्ह्याची हद्द ओलांडू नका. पासपोर्ट जमा करा. साक्षीदारांच्या वाटेला जाऊ नका. दर सोमवारी अकरा ते एक या वेळात पोलीस ठाण्यात हजेरी लावा. वाचताना यात अवघड असं काहीच दिसत नाही. पण या शेवटच्या अटीचं गणित मांडून बघा. ठाणं गावापासून ४० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ८० किलोमीटर. वर्षाचे ५२ सोमवार. झाले ४,१६० किलोमीटर! हिमसागर एक्सप्रेस कटऱ्याहून कन्याकुमारीला जाते तेव्हासुद्धा ३,८०० किलोमीटरच्या आसपासच धावते. म्हणजे वहीत एक सही करण्यासाठी तो माणूस दर वर्षी एसटीने अख्खा भारत उभा कापतो, आणि वर साडेतीनशेहून जास्त किलोमीटर. शिवाय दर सोमवारचा रोजगार बुडतो तो वेगळाच. न्यूयॉर्कच्या प्रोबेशन विभागाने हाताच्या पंजाचा आकार ओळखणारी यंत्रं बसवली, कमी धोक्याच्या लोकांनी यायचं, पंजा ठेवायचा, चार प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि कामाला जायचं, ते उगाच नाही.

पण तंत्रज्ञान म्हटलं की सगळ्यांना आधी आठवतो तो माग काढणारा पायातला पट्टा. आणि त्या पट्ट्यामागचे आकडे असे आहेत की छाती दडपून जावी!

सुरुवात अगदी लहान. १९६० च्या दशकात हार्वर्डमध्ये राल्फ आणि रॉबर्ट श्वित्झगेबेल या जुळ्या भावांनी अंगावर बाळगायचं एक रेडिओयंत्र बनवलं आणि १९६९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. हेतू काय होता ऐका: चुकलेल्या पोरांना पकडायचं नव्हतं, वेळेवर कामाला पोचल्याबद्दल, वर्गाला हजर राहिल्याबद्दल त्यांना शाबासकी द्यायची होती! ते तसंच मागे पडलं. मग न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरातले न्यायाधीश जॅक लव्ह यांनी स्पायडरमॅनच्या एका चित्रकथेत खलनायकाने नायकाच्या मनगटात अडकवलेलं माग काढणारं कडं पाहिलं, आणि ते प्रत्यक्षात बनवून घेतलं. १९८३ मध्ये पहिला माणूस ते घालून घरी गेला. एक माणूस! २००५ मध्ये अमेरिकेत अशा यंत्रांखाली होते ५३,०००. २०१५ मध्ये सव्वा लाखावर. आणि २०२१ मध्ये, परदेशातून आलेल्यांवर लावलेली यंत्रं धरून, २,५४,७००. वानखेडे स्टेडियममध्ये सुमारे ३३,००० प्रेक्षक मावतात. एका माणसापासून ३८ वर्षांत जवळजवळ आठ वानखेडे!

भारतात पहिला असा पट्टा नोव्हेंबर २०२३ मध्ये जम्मूत जामिनावर सुटलेल्या एका आरोपीच्या पायात बसला. त्याच वर्षी केंद्राने तयार केलेल्या नमुना कारागृह कायद्यातही रजेवर जाणाऱ्या बंद्याला असं यंत्र लावण्याची तरतूद आली.

आता त्या पट्ट्यात नेमकं घडतं काय? जमिनीपासून २०,२०० किलोमीटर उंचीवर जीपीएसचे तीसेक उपग्रह फिरताहेत. २०,२०० किलोमीटर म्हणजे किती? मुंबई-पुणे रस्त्याने दीडशे किलोमीटर धरा आणि तो रस्ता उचलून आकाशात उभा करा. त्यावर दुसरा. त्यावर तिसरा. असे १३५ रस्ते एकावर एक ठेवले की आपण उपग्रहापाशी पोचतो. तो तिथे स्वस्थ बसलेला नाही. ताशी १४,००० किलोमीटरने धावतोय! डेक्कन क्वीनला मुंबईहून पुण्याला पोचायला तीन तासांहून जास्त लागतात. हा उपग्रह तेवढं अंतर ५० सेकंदांत कापतो. चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत पुणं आलं!

इतक्या उंचावरून, इतक्या वेगात धावताना तो हाक मारतो. त्या हाकेला खाली पोचायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ जातो. पण पोचते तेव्हा ती हाक किती क्षीण झालेली असते! दहा वॅटचा साधा एलईडी दिवा घ्या. पट्ट्यापर्यंत येणारी शक्ती त्या दिव्याच्या शक्तीचा एक परार्धांश असते. परार्ध! एकं, दहं, शतं, सहस्र करत आपल्या जुन्या गणितात जी पायरी सगळ्यात वरची मानली, ती ही. एकावर सतरा शून्यं.

सतरा शून्यं नुसती वाचून काही कळत नाही. म्हणून विहीर खणू. २० फूट व्यासाची, ४० फूट खोल, काठोकाठ भरलेली. पाणी सुमारे साडेतीन लाख लिटर. थेंब मोजले तर सातशे कोटी. एका विहिरीत सातशे कोटी थेंब, तर परार्ध थेंबांना किती विहिरी? एक कोटी चाळीस लाख! एवढ्या विहिरी कुठे मोजत बसणार, सरळ धरणावर जाऊ. उजनी पूर्ण भरलं की त्यात ११७ टीएमसी पाणी असतं. एक परार्ध थेंब म्हणजे दीड उजनी! चंद्रभागा भरून वाहायला लावणारं, सोलापूरचा ऊस जगवणारं अख्खं उजनी, आणि वर आणखी अर्धं. त्या सगळ्या पाण्यातला एक थेंब म्हणजे उपग्रहाची पोचलेली हाक. पायातली ती डबी हा एक थेंब ओळखते. तोही एका उपग्रहाचा नाही, एकाच वेळी निदान चार उपग्रहांचे चार थेंब वेगवेगळे ओळखते आणि त्यावरून सांगते की हा माणूस अमुक गल्लीत आहे.

आणि घड्याळ! उपग्रहातलं अणुघड्याळ एका सेकंदाच्या अब्जांश भागाने चुकलं तर खाली फूटभर फरक पडतो. आइन्स्टाइनच्या सिद्धांतामुळे उपग्रहावरचं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं, ते शास्त्रज्ञांनी आधीच हिशोबात धरून दुरुस्त केलेलं असतं. ती दुरुस्ती केली नसती तर? ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश अकरा किलोमीटरहून जास्त जातो. म्हणजे आज सीएसएमटीला असलेला माणूस उद्या नकाशावर माटुंगा ओलांडून गेलेला दिसला असता, जागचा हललाही नसताना. आणि जामीन रद्द! सेकंदाच्या लाखाव्या भागांचा हिशोब जुळतो, म्हणून एका माणसाचं स्वातंत्र्य शाबूत राहतं. मला तर हे वाचताना दर वेळी काटा येतो.

एवढी अचाट यंत्रणा, पण तिचीही एक मर्यादा आहे आणि ती आपल्याकडे फार महत्त्वाची. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचं जीपीएस पाचएक मीटरपर्यंत बरोबर सांगतं. चाळीतली खोली दहा बाय बाराची. पाच मीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात शेजारच्या दोन खोल्या, समोरची गॅलरी आणि वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाडही येतं. घराबाहेर पडू नका अशी अट असेल, तर दाटीच्या वस्तीत पट्टा कोणतं घर दाखवेल? आणि चार्जिंग. अशा पट्ट्याला रोज साधारण दोन तास वीज लागते, आणि पट्टा पायातून काढता येत नाही. दोन तास रोज, वर्षाचे ७३० तास. पूर्ण महिनाभर, दिवस-रात्र, माणूस भिंतीतल्या प्लगला बांधलेला! ज्या घरात वीज आठ-आठ तास जाते, तिथलं काय? पट्टा बंद पडला की नियंत्रण कक्षात धोक्याची घंटा वाजते, मग वीज महावितरणने घालवलेली असो की माणसाने प्लग काढलेला असो.

आता या नोंदींचा डोंगर उभा करू. शब्दशः डोंगर! पट्टा दर मिनिटाला एक ठिकाण नोंदवतो असं धरा. दिवसाला १,४४० नोंदी. आपल्या त्या ८७ लोकलमधल्या सगळ्यांना उद्या जामीन मिळाला आणि प्रत्येकाच्या पायात पट्टा बसला, तर दिवसाला ६२ कोटी ५४ लाख नोंदी होतील. पोलीस ठाण्यातल्या हजेरीच्या रजिस्टरात त्या लिहायला बसू. पानाला ४० ओळी, रजिस्टरला २०० पानं. एका दिवसात ७८,००० रजिस्टरं भरतील! प्रत्येक दीड सेंटिमीटर जाड. एकावर एक ठेवली की पहिल्या मध्यरात्रीच ढीग १,१७० मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर उंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजायच्या आत आपला ढीग महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर ओलांडतो! एका वर्षात २६० कळसूबाई उभ्या राहतील.

आणि हे सगळं साठवायला जागा किती लागेल? एका नोंदीला पन्नास अक्षरांची जागा धरली, तर दिवसाचे ३१ जीबी. करंगळीच्या नखावर मावणाऱ्या ३२ जीबीच्या एका मेमरी कार्डात ७८,००० रजिस्टरं! कळसूबाईकडे निघालेला तो डोंगर नखावर! मन थक्क होतं. पण इथेच थोडं थांबायला हवं. डोंगर जेव्हा नखावर मावतो, तेव्हा तो साठवून ठेवण्याचा मोह कुणालाच आवरत नाही. माणूस कोणत्या डॉक्टरकडे गेला, कोणत्या वकिलाकडे बसला, कुणाच्या घरी मुक्कामाला राहिला, सगळं त्यात आहे. म्हणून ८ जुलै २०२४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मला फार मोलाचा वाटतो. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका नायजेरियन आरोपीला जामीन देताना गुगल मॅप्सवर आपल्या ठिकाणाची पिन टाकून ती तपास अधिकाऱ्याला दिसेल अशी ठेवायची अट घातली होती. आपल्या ठाण्याचे न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने ती अट काढून टाकली. जामिनावरच्या माणसाच्या खासगी आयुष्यात पोलिसांना सतत डोकावता येईल अशी अट घालता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. गुगलनेही न्यायालयाला कळवलं होतं की नुसत्या पिनवरून माणसाचा माग काढता येत नाही. न्यायालयाने एक पिन नाकारली. आपण मोजल्या त्या दिवसाला १,४४० नोंदी.

बरं, माणसाचा माग काढायला अंतराळातून हाक येते. मग न्यायालयाचा जामिनाचा आदेश तुरुंगापर्यंत कसा पोचतो? इथले आकडे तर उपग्रहापेक्षाही चक्रावून टाकणारे आहेत!

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाबाहेर एक जामीनपेटी होती. आदेशाची कागदी प्रत त्या पेटीत पडायची, ती पेटी ठरलेल्या वेळी उघडायची आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला दिवसाची शेवटची वेळ संपायची. २०२१ मध्ये एका गाजलेल्या प्रकरणात ही पेटी सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली. प्रत चार मिनिटं उशिरा आली, तर रात्र आतच. उच्च न्यायालय ते आर्थर रोड, अंतर सहाएक किलोमीटर. केबलमधून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. हे सहा किलोमीटर तो ३० मायक्रोसेकंदांत संपवतो. आतली रात्र बारा तासांची धरा. त्या बारा तासांत प्रकाशाला ही वाट किती वेळा कापता आली असती? १४४ कोटी वेळा! प्रत्येक भारतीयाच्या नावाचा एक जामीन आदेश, तान्ह्या बाळापासून शंभरीच्या आजीपर्यंत, एकामागून एक पाठवून झाला असता, आणि मग उजाडलं असतं.

२०२१च्या जुलैत असंच आग्र्याला झालं. सर्वोच्च न्यायालयाने १३ बंद्यांना जामीन दिला, आणि दिल्लीहून आग्र्याला आदेश पोचायला दिवस गेले. गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असलेली ही माणसं चौदा ते बावीस वर्षं आत होती. तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी भर न्यायालयात विचारलं की आदेश घेऊन येणाऱ्या कबुतरांसाठी आपण अजून आभाळाकडे बघत बसायचं का. त्यातून ‘फास्टर’ ही यंत्रणा उभी राहिली आणि ३१ मार्च २०२२ रोजी सुरू झाली: सर्वोच्च न्यायालयाचा आदेश सुरक्षित ईमेलने थेट तुरुंगाकडे. पुढे ३१ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने आणखी बारीक आदेश दिला. जामीन मिळाला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आदेशाची प्रत ईमेलने तुरुंग अधीक्षकामार्फत बंद्याला मिळावी. अधीक्षकाने जामिनाची तारीख ई-प्रिझन्स प्रणालीत भरावी. आणि त्या तारखेपासून सात दिवसांत माणूस बाहेर पडला नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवलं जावं, म्हणजे कुणीतरी जाऊन विचारेल: बाबा, तू अजून इथे कसा?

कारण जामीन मिळूनही आत राहिलेले लोक होते. विधी सेवा प्राधिकरणाने तेव्हा न्यायालयाला सांगितलेला आकडा होता सुमारे ५,०००. ओळखलंत? एक लोकल! गच्च भरलेली अख्खी लोकल, जिच्यातल्या प्रत्येकाच्या हातात तिकीट आहे, आणि जिची दारं उघडत नाहीत. एक मोठं कारण असं. जामीनदार नाही, जामिनाची रक्कम नाही. केंद्राने २०२३ मध्ये गरीब बंद्यांसाठी योजना आणली: कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदत, वर्षाला तरतूद २० कोटी. भागाकार करून बघा. वीस कोटी भागिले चाळीस हजार. उत्तर ५,०००! तीच लोकल, नेमकी एक, एका वर्षात रिकामी करता येईल एवढा पैसा. आकडे असे जुळतात तेव्हा वाटतं, टेबलावर हा कागद आणि तो कागद शेजारी ठेवायला एक माणूस हवा आहे फक्त.

आता मी ज्या तंत्रज्ञानावर मनापासून जीव टाकतो त्याकडे येऊ. त्याला उपग्रह लागत नाही, पट्टा लागत नाही. त्याची लांबी इंग्रजीत १६० अक्षरं. एसएमएस!

न्यूयॉर्क शहरात किरकोळ गुन्ह्यांच्या तारखा हजारो लोक चुकवत होते, आणि चुकवली की अटकेचं वॉरंट. संशोधकांनी दोन गोष्टी केल्या. समन्सचा कागद सुटसुटीत केला, तारीख आणि ठिकाण वरच ठळक छापलं. आणि तारखेच्या सात दिवस आधी, तीन दिवस आधी आणि आदल्या दिवशी फोनवर निरोप धाडला: अमुक वाजता, अमुक ठिकाणी, या, नाही आलात तर वॉरंट निघेल. संपलं. एवढंच. नुसत्या कागदाने गैरहजेरी १३ टक्क्यांनी घटली, निरोपांनी २१ टक्क्यांनी. २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला हिशोब सांगतो की तीन वर्षांत ३०,००० वॉरंटं निघायची वाचली. सहा लोकल भरून माणसांच्या दारात पोलीस गेलेच नाहीत! कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत ५,७०९ अशिलांवर हाच प्रयोग झाला. निरोप न मिळालेल्यांत हजारामागे १२१ जणांवर वॉरंट निघालं, मिळालेल्यांत ९७ जणांवर.

न्यूयॉर्कच्याच अभ्यासात एक गोष्ट आढळली, ती मी कधी विसरणार नाही. तारीख चुकवणारा मुद्दाम चुकवतो, असं सामान्य लोकांना वाटतं. ज्यांचं आयुष्य न्यायालयात जातं त्यांना माहीत असतं की तो बहुतेक वेळा विसरलेला असतो, गोंधळलेला असतो, त्याला रजा मिळालेली नसते. आणि विसरणार नाही तर काय? आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत साडेचार कोटींच्या आसपास खटले पडून आहेत. प्रत्येकाची फाइल एक सेंटिमीटर जाड धरली आणि फाइली एकीला एक लावून मांडल्या, तर ४५० किलोमीटर. मुंबईहून पुणे, पुण्याहून मुंबई, आणि पुन्हा पुणे! या रांगेत आपली एक फाइल कोणत्या दिवशी वर येणार, हे मजुरीवर जाणाऱ्या माणसाने डोक्यात कसं ठेवायचं?

आनंदाची गोष्ट ही की यंत्र आपल्याकडे आधीच फिरतंय. सरकारने दिलेल्या माहितीप्रमाणे ई-कोर्ट्स प्रकल्पातून पक्षकारांना आणि वकिलांना रोज चार लाखांहून जास्त एसएमएस जातात. आपलं पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब. चार लाख पोस्टकार्डं एकापुढे एक मांडली तर ५६ किलोमीटर. सीएसएमटीपासून कल्याण ओलांडून पुढे! रोज! आज एक रांग, उद्या दुसरी, परवा तिसरी. या रांगेत जामिनावरच्या प्रत्येक माणसाचा स्वतःचा नंबर असला पाहिजे, नुसता वकिलाचा नको, आणि निरोप त्याला वाचता येईल अशा भाषेत असला पाहिजे. वाचता येत नसेल तर फोन वाजावा आणि त्यातून मराठीत कुणीतरी सांगावं.

शेवटचा हिशोब पैशांचा. श्वास भरून घ्या. ओडिशाच्या तुरुंग विभागाने आपल्याकडचे आकडे मांडले होते: एका कच्च्या कैद्यावर वर्षाला सुमारे एक लाख रुपये खर्च, आणि माग काढणारं एक यंत्र दहा ते पंधरा हजारांत. हा लाखाचा आकडा देशभर लावून बघू. ४,३४,३०२ माणसं, प्रत्येकी लाख. वर्षाला ४,३४३ कोटी रुपये. पाचशेच्या नोटांत मोजा: आठ कोटी अडुसष्ट लाख नोटा. शंभर कोऱ्या नोटांचं बंडल सेंटिमीटरभर जाड. एकावर एक रचत चला. कळसूबाई कधीच खाली राहिली. पाच कळसूबाई एवढी उंची झाली तरी नोटा संपत नाहीत. ढीग थांबतो तो ८,६८६ मीटरवर. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर! फक्त १६३ मीटर कमी!

आता दुसऱ्या ढिगाकडे या. या सगळ्यांना सोडता येणार नाही हे उघड आहे. काहींवरचे आरोप गंभीर आहेत, काहींना बाहेर ठेवण्यात धोका आहे. पण मापासाठी धरू की सगळे जामिनावर आहेत, प्रत्येकाला महिन्याला एक तारीख आहे आणि प्रत्येक तारखेआधी न्यूयॉर्कसारखे तीन निरोप जातात. वर्षाला ३६ निरोप. घाऊक दराने निरोपाला वीस पैसे. माणशी वर्षाला सात रुपये वीस पैसे! सगळ्या ८७ लोकलचं मिळून ३१ लाख २७ हजार रुपये. त्याच पाचशेच्या नोटा. ६,२५४ नोटा. उंची साडेबासष्ट सेंटिमीटर. गुडघ्याच्या थोडं वर.

आणि वेळ? २०२२च्या अखेरीला पाच वर्षांहून जास्त काळ आत असलेले कच्चे कैदी ११,४४८ होते, म्हणजे सव्वादोन लोकल. प्रत्येकाची नुसती पाचच वर्षं धरा, जास्तीची सोडून द्या. बेरीज ५७,२४० वर्षं! आजपासून तेवढी मागे गेलात तर शिवकाल लागतो आणि सरतो, सातवाहन लागतात आणि सरतात, हडप्पा सरतं, माणसाने जमिनीत पेरलेला पहिला दाणा सरतो, आणि अजून पंचेचाळीस हजार वर्षं उरलेली असतात.